साक्षीचं पाणी

तीस वर्षं सिकंदराबादच्या रिझर्वेशनच्या खिडकीवर बसले मी. काचेपलीकडचा माणूस खोटं बोलणार असला की त्याने तोंड उघडायच्या आधीच मला कळायचं. मेलेल्या आजीच्या नावावर सीनियर सिटिझनचं तिकीट काढायला आलेले किती जण मी आल्या पावली परत पाठवलेत. आणि माझ्याच घरात, माझाच मुलगा खोटं बोलायची तालीम करत होता, ते आधी नळाला कळलं आणि मग मला. याचा मला अजून राग येतो.

श्रावण संपत आला होता. आमची सून रेणू, तिला सातवा लागला होता. तारनाक्याला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हे गेल्यापासून मी, रितेश आणि रेणू, एवढीच माणसं. दिवेलागणीला देवापुढे तांब्या भरून ठेवायची माझी जुनी सवय. सकाळी त्यातलं पाणी तुळशीला घालायचं. तर एका सकाळी तांब्या उपडा केला आणि बुडाला पांढरा थर. बोटाने खरवडून जिभेवर लावला. मीठ.

आता आमच्याकडे पाणी येतं मंजिराचं. इथले लोक मंजिरा म्हणतात, आमच्या निलंग्याकडे तिला मांजरा म्हणतात. माझ्या माहेरच्या शेताच्या बांधावरून वाहते ती. त्या नदीचं पाणी मी जन्मभर प्यायलेय, तिच्यात मीठ नाही. मी समोरच्या सुजाताचं दार ठोठावलं. सुजाता पुण्याची, नवराबायको दोघं आयटीत.

"काकू, आमच्याकडे तर छान येतंय हो पाणी," ती म्हणाली. "तुमचा तांब्याच घासायला झालाय का बघा."

माझा तांब्या! त्यात तोंड बघून घे म्हणावं. पण तिने पेला भरून दिला, मी प्यायले, आणि पाणी खरंच गोड होतं. टाकी एक, पाइप एक, आणि खारट फक्त आमच्याकडे.

दोन दिवसांनी पाणी फसफसायला लागलं. पेल्यात सोड्यासारखे बुडबुडे, आणि सडक्या अंड्याचा वास. प्लंबर आला, नळ उघडून बघितला, "कुछ नै अम्मा, सब बराबर है" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मी बाटली भरून आबिड्सला पाणी तपासणाऱ्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी त्या चष्मेवाल्याने मला आत बोलावलं.

"ये पानी किधर का है अम्मा?"

"तारनाका का."

"नक्को मजाक करो. ये समुंदर का है. समुंदर का भी नै, उससे पुराना. इसमें जो चीजां हैं ना, वो अपने पत्थर में हैच नै."

मी म्हटलं, समुद्र तर इथून शेकडो मैल लांब आहे. तो म्हणाला, वोइच तो. आणि बाटली त्याने दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली. तिला हात लावणंही त्याच्या जिवावर आलं होतं.

बसमध्ये बाटली मांडीवर घेऊन बसले तेव्हा मला एक गोष्ट आठवली. जमिनीखालच्या जुन्या समुद्राचं हे बोलणं मी आधी ऐकलं होतं, आणि ते आमच्याच घरात.

रितेश पेट्रोलियम इंजिनियर. शिकला पुण्याला, नोकरी हायटेक सिटीत. कंपनी अमेरिकेची, विहिरी अमेरिकेच्या, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे डोळे आमच्या पोरांचे. नोकरी लागली तेव्हा मी त्याला विचारलं होतं, तू नक्की करतोस काय? तेव्हा त्याने हौसेने सगळं सांगितलं होतं. कोस-दीड कोस खाली भोक पाडायचं, मग ते आडवं न्यायचं. त्यात पाणी, वाळू आणि औषधं अशा दाबाने सोडायची की खडक तडकतो. वाळू त्या फटींत अडकून बसते, त्यामुळे फटी मिटत नाहीत, आणि कोंडलेला गॅस वर येतो. पूर्वी तिकडे विहिरीत सुरुंग टाकायचे म्हणे. मग सत्तेचाळीस साली, आपलं स्वातंत्र्य आलं त्याच वर्षी, कुणीतरी पेट्रोलची खीर करून ती दाबाने आत सोडून बघितली. ते जमायला पुढे पन्नास वर्षं गेली, आणि जमलं तेव्हा गावंच्या गावं पोखरून काढली.

"आणि घातलेलं पाणी?" मी विचारलं होतं.

"थोडं परत येतं. पण खारट होऊन. खाली कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्र दगडात मुरलेला असतो ना आई, तो घेऊन येतं."

"आणि उरलेलं?"

"राहतं खालीच. त्याचं काय!"

त्याचं काय! बसमध्ये मी बाटलीचं बूच आणखी घट्ट केलं.

घरी आले तर रितेश आतल्या खोलीत दार लावून बोलत होता. फोनवर नाही, एकटाच. इंग्रजीत, पण तीस वर्षं खिडकीवर काढली म्हणजे इंग्रजी कळतं. "कामाच्या वेळी दाब शेवटपर्यंत स्थिर होता." थांबला. परत तेच. लहानपणी पाढे घोकायचा तसा घोकत होता. आणि प्रत्येक वेळी त्याने ते वाक्य संपवलं की स्वयंपाकघरातला बंद नळ खोकायचा. घशात कफ अडकलेला म्हातारा खोकतो ना, तसा. मी नळासमोर जाऊन उभी राहिले. आतून आवाज आला, "...स्थिर होता." नळ खोकला. काळा थेंब पडला.

मी देवाजवळ जाऊन सांजवात लावली. जळती काडी मोरीत टाकली आणि ती विझवायला नळ सोडला.

पाण्याने पेट घेतला.

निळा जाळ. नळाच्या तोंडापासून खाली मोरीपर्यंत पाण्याची धार, आणि तिच्याभोवती पदरासारखा लपेटलेला जाळ. आवाज नाही, चटका नाही. पाणी शांतपणे जळत होतं. मी बाई किंचाळले. रितेश धावत आला, त्याने नळ बंद केला, आणि मग तो माझ्याकडे न बघता खाली बसला. घाबरलेला माणूस विचारतो, हे काय झालं. त्याने विचारलं नाही.

"बोल," मी म्हटलं. "कोणाचं आहे हे पाणी?"

तो म्हणाला, "एडिथ म्हणून एक बाई आहे पेन्सिल्वेनियात. शेतावर एकटी राहते. तिच्या नळाला असंच होतंय. आमच्या विहिरीमुळे झालं म्हणते."

"मग तुमच्यामुळे झालं का?"

"दाब पडला होता आई. एकदम. मी स्क्रीनवर होतो त्या दिवशी, मी पाहिला. दाब असा पडतो म्हणजे पाण्याला भलतीकडे वाट मिळालेली असते. तिकडे शंभर वर्षांपूर्वीच्या सोडून दिलेल्या विहिरी जागोजाग आहेत, कितीतरी नकाशावरच नाहीत. आमचं पाणी तसल्या एखाद्या विहिरीत शिरलं असणार, आणि तिथून वर तिच्या पाण्यात. मी लगेच वरच्याला सांगितलं. तो म्हणाला, सेन्सर बिघडला असेल, चालू ठेव."

"आणि तू चालू ठेवलंस."

"शुक्रवारी सुनावणी आहे. व्हिडिओवर. माझी साक्ष आहे."

"आणि तू सांगणार की दाब स्थिर होता."

"मला ह्यूस्टनला पाठवतायत, आई. बाळ तिकडे जन्माला येईल. सगळं ठरलंय. मी एक वाक्य वेगळं बोललो की संपलं."

"रितेश, आपल्यात पाण्याची खोटी साक्ष देत नाहीत."

हे मी उगाच म्हटलं नव्हतं. माझे वडील लक्ष्मणराव गावात पंच म्हणून बसायचे. विहिरीवरून भांडण आलं की रीत ठरलेली. ज्याला साक्ष द्यायची त्याने आधी त्या विहिरीचं पाणी ओंजळीने प्यायचं आणि मग तोंड उघडायचं. एकाने उन्हाळ्यात आपल्या विहिरीत चोरून सुरुंग लावला आणि शेजाऱ्याचा झरा तुटला. पंचांसमोर तो ते पाणी प्यायला आणि म्हणाला, मी सुरुंग लावलाच नाही. त्या रात्रीपासून त्याच्या घरात चुलीतून पाणी वर यायला लागलं. भर वैशाखात. जळती लाकडं विझायची, भाकरी तव्यावर कच्ची राहायची. त्याच्या बायकोने चूल तीनदा जागा बदलून घातली, पाणी तिथे हजर. वडील म्हणाले, पाण्याबद्दल खोटं बोललं की पाणी घर शोधत येतं.

रितेशने ऐकून घेतलं. "आई, ते निलंगा होतं. हे पेन्सिल्वेनिया आहे."

"पाण्याला पासपोर्ट लागतो का रे?"

तो उठून गेला. हट्टी आहे, माझाच मुलगा.

त्या दिवसापासून प्यायला मोठे कॅन आणायला लागलो. मला वाटलं चला, निदान रेणूचं तरी भागलं. तिला मी जळत्या पाण्याचं सांगितलंच नव्हतं. पोटुशी बाई, कशाला घाबरवायची? आणि मग एका दुपारी मी स्वयंपाकघरात गेले, तर ती नळाखाली ओंजळ धरून पीत होती. डोळे मिटून. घटाघटा. हनुवटीवरून काळपट ओघळ गळत होता.

"रेणू!"

तिने डोळे उघडले. लाजली बिचारी. "आई, रागावू नका ना. याचेच डोहाळे लागलेत मला. कॅनचं पाणी नक्कोच वाटतं."

"अगं, घाण आहे ते! कशी चव आहे त्याला!"

"छान लागतं. खारट. जुनं."

"पाणी जुनं कसं लागेल गं?"

तिने विचार केला. "कुणीतरी खूप दिवस तोंडात धरून ठेवल्यासारखं," ती म्हणाली, आणि पोटावर हात ठेवून हसली. "यालापण आवडतं. मी प्यायले की हा हलतो. एरवी नुसता पडून असतो."

मी नळ बंद केला. आमच्यात म्हणतात, डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान वाहतात. डोहाळे मागणारी नेहमी आई असते असं मी समजत होते. इथे कोण मागत होतं, देव जाणे.

मी त्याच संध्याकाळी तिची बॅग भरली आणि तिला विद्यानगरला माहेरी पोचवून आले. तिथलं पाणी मी स्वतः पिऊन बघितलं. गोड होतं. परत आले तर आमचा नळ स्वच्छ! ना वास, ना फेस. मी हात जोडले. रितेश म्हणाला, "बघ, पाइपचाच काहीतरी प्रॉब्लेम होता," आणि खोलीत जाऊन परत आपलं वाक्य घोकायला लागला.

सकाळी विहिणीचा फोन. "त्रिवेणीताई, आमच्या नळाला कसला हो वास येतोय? आणि रेणू ऐकेना. नळ सोडून बाजूला व्हायला तयार नाही."

 म्हणजे ते पाणी आमच्या घराच्या मागे लागलेलं नव्हतंच. ते बाळाच्या मागे होतं. ज्याच्यासाठी हा खोटं बोलणार होता, त्यालाच ते शोधत आलं होतं.

रेणूला मी परत आणलं. निदान डोळ्यांसमोर राहील. रितेशला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण तो एवढंच म्हणाला, "शुक्रवार होऊ दे आई. मग आपण इथून जाऊच."

"आणि ते मागे राहील असं वाटतं तुला?"

तो लॅपटॉप उघडून बसला.

शुक्रवार आला. तिकडे सकाळ, इकडे दिवेलागण. रितेशने शर्ट घातला, टाय लावला, खाली घरातलाच लेंगा. रेणूला मी आत निजवलं आणि स्वयंपाकघरातला नळ सुतळीने करकचून बांधला. त्याआधी एक पेला भरून घेतला. पाणी फसफसत होतं. तो पेला मी रितेशच्या टेबलावर, त्याच्या उजव्या हाताशी, कॅमेऱ्यात येणार नाही असा ठेवला.

"हे काय?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"साक्षीचं पाणी. आधी पी, मग हवं ते बोल. मी अडवणार नाही."

"आई, प्लीज!"

"त्या एडिथला सांगणार आहेस ना, की तिचं पाणी चांगलं आहे? मग पी की! मी तुझी आई आहे, मला दाखव पिऊन."

स्क्रीन उजळली. लाकडी भिंती, एक झेंडा, टेबलामागे तीन माणसं. आणि एका बाजूला एडिथबाई. माझ्याएवढीच असेल. केस पांढरे, स्वेटरचं वरचं बटण तुटलेलं. तिच्यासमोर लोणच्याच्या बरणीएवढी काचेची बरणी होती, त्यात पाणी. मी तिच्या बरणीकडे बघितलं आणि टेबलावरच्या पेल्याकडे बघितलं. तोच काळपट रंग. बुडबुडे दोन्हींत एकाच वेळी उठत होते आणि एकाच वेळी फुटत होते. पृथ्वीच्या दोन टोकांना. मी पदर तोंडात धरला.

रितेशने ते पाहिलं. त्याचा हात पेल्याकडे गेला आणि पेल्याला न शिवता मागे आला.

मधल्या माणसाने विचारलं, त्या दिवशी दाब कसा होता ते सांगा.

रितेशने घसा खाकरला. "कामाच्या वेळी दाब..." तो म्हणाला.

टेबलाच्या पलीकडून एक हात आला. रेणू. कधी उठली, कधी आली, मला पावलंसुद्धा ऐकू आली नाहीत. डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे पडलेले. तिने पेला उचलला, दोन्ही हातांनी, प्रसादासारखा, आणि ओठांना लावला.

"पिऊ नकोस!" रितेश ओरडला. "रेणू, पिऊ नकोस ते पाणी! विष आहे ते!"

त्याने हात मारला. पेला भिंतीवर जाऊन फुटला. रेणू दचकून जागी झाल्यासारखी इकडेतिकडे बघायला लागली. मी तिला धरलं.

स्क्रीनवर सगळे थिजले होते. मधल्या माणसाने चष्मा काढला. "सर, सगळं ठीक आहे ना? काय म्हणालात तुम्ही आत्ता?"

रितेशचा श्वास चढला होता. टाय खांद्यावर गेला होता. "मी बायकोला म्हणालो," तो इंग्रजीत म्हणाला, "की ते पाणी पिऊ नको."

"कुठलं पाणी?"

माझा मुलगा भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला. मग त्याने स्क्रीनवरच्या बरणीकडे बोट केलं.

"ते," तो म्हणाला. "त्यांचं. दाब स्थिर नव्हता. पडला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आणि काम चालू ठेवलं."

एडिथबाईंनी दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. मी पण इकडे रडायला लागले, लाज कसली! कुणीतरी घाईघाईने काहीतरी बोललं आणि स्क्रीन काळी झाली. कंपनीनेच तोडली असणार.

मी उठून नळाची सुतळी सोडली. नळ एकदा खोकला. मग पाणी आलं, स्वच्छ, थंड. मी ओंजळ भरून प्यायले. मांजरेचं होतं. माझ्या माहेरचं. रेणू घोटभर प्यायली आणि म्हणाली, "याला काही चवच नाही," आणि परत झोपायला गेली. थोड्या वेळाने तिने आतून हाक मारली, बाळ हलतंय, आपलं आपण.

रितेशची नोकरी गेली, ते सांगायला नकोच. ह्यूस्टनही गेलं. पण त्या रात्री तो लहानपणी जेवायचा तसा बसून पोटभर जेवला. मी त्याच्या पानात भात वाढला आणि विचारलं, "आता एडिथबाईंचं पाणीही साफ होईल ना रे?"

त्याचा घास हातातच राहिला.

"नाही, आई."

"का? तू खरं बोललास की!"

"फट मिटू नये म्हणूनच तर आम्ही वाळू भरतो," तो म्हणाला. "ती आता उघडीच राहणार."

मला वडिलांच्या गोष्टीचा शेवट आठवला. त्या माणसाने शेवटी कबूल केलं, त्याच्या चुलीतलं पाणी थांबलं, पण शेजाऱ्याची विहीर कोरडी पडली ती पडलीच. ते मी रितेशला सांगितलं नव्हतं. खरं तर मी स्वतःच विसरले होते.

रेणूला मुलगी झाली. आम्ही मुलगाच असल्यासारखं बोलत होतो, तिने सगळ्यांना खोटं पाडलं. गुटगुटीत आहे, कान चांगले आहेत, आजीसारखी तापट आहे.

मी अजून दिवेलागणीला तांब्या भरून ठेवते. देवापुढे एक आणि मोरीशेजारी, नळाखाली, दुसरा. दुसऱ्यावर ताटली झाकते, वर पोळपाट ठेवते, म्हणजे कोणी म्हणायला नको की मांजर प्यायलं. सकाळी बघते तर त्यातलं पाणी ओंजळभर कमी झालेलं असतं. रोज. कड ओली असते, कुणीतरी ओठ लावल्यासारखी. सुजाता म्हणते, काकू, बाष्पीभवन. असेल बाई, तुम्ही शिकलेल्या!

मला वाटतं, ज्या वाटेने ते पाणी इथे आलं, त्याच वाटेने हे एडिथबाईंकडे जात असेल. फट उघडीच आहे ना. एका बाईची तहान ओंजळभर पाण्याने काय भागणार? म्हणून परवापासून मी घरातली मोठी कळशी ठेवायला लागलेय.